शिमशोनमास्तरांनी घासलेले सूर

ज्युडिथ आपटेकरांना राग यायला कारण लागत नाही, असं पनवेलमध्ये म्हणतात. हे साफ खोटं आहे. कारण लागतं, फक्त ते पनवेलमध्ये पावलापावलाला मिळतं. रिक्षावाला उगाच हॉर्न दाबून ठेवतो, भाजीवाली मराठी माणसाशी हिंदीत बोलते, गणपतीत भिंतीएवढे स्पीकर लावून आरती म्हणतात आणि तीही धावपळीत, गाडी सुटत असल्यासारखी. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, दोन्ही गुडघे कुरकुरत असताना, बाई जिना उतरतात आणि मांडवातल्या पोरांना झापून वर येतात. पोरं खाली मान घालून ऐकून घेतात, कारण त्यांच्या आईबापांनी पाचवी ते सातवी याच बाईंच्या हातच्या छड्या खाल्लेल्या असतात.

या फाल्गुनात बाईंना जो राग आला त्याची जात मात्र निराळी होती. तो अजून उतरलेला नाही, आणि उतरावा असं बाईंनाही वाटत नाही. त्याची गोष्ट सांगायची तर आधी पायपेटीची सांगावी लागेल.

पायपेटी म्हणजे पायांनी भाता मारून वाजवायची पेटी. स्टुलावर बसायचं, खालची दोन पॅडल आळीपाळीने दाबायची, आत भाता श्वास घेतो आणि वर पट्टी दाबली की पितळेची एक पातळ जीभ थरथरते. त्या जिभेलाच पेटीवाले सूर म्हणतात. बाईंची पायपेटी दीडशे वर्षांमागे अमेरिकेतल्या कुठल्याशा लहान गावात बनली. तिकडे तेव्हा रेडिओ नव्हता की ग्रामोफोन नव्हता. शनिवारी चौकात पितळी बँड वाजायचा, आणि बाकीचे दिवस गाणं घरातच पिकवावं लागायचं, परसातल्या भाजीसारखं. फेरीवाला घोडागाडीत पेटी घालून दारोदार हिंडायचा, हप्त्याने देऊन जायचा. मग संध्याकाळी घरातली मुलगी भाता मारायची आणि बाकीचे भोवती उभे राहून म्हणायचे: आईची गाणी, आगगाडीची गाणी, देवाची गाणी, लहानपणी गेलेल्या भावंडांची गाणी, आणि मधूनच एखादं अगदी वात्रट. शहरातले जाणकार नाकं मुरडायचे. जाणकारांची नाकं सगळीकडे सारखीच.

ती पेटी एका मिशनच्या मडमेबरोबर मुंबईला आली, आणि मडम परत निघाली तेव्हा बाईंच्या पणजोबांनी, रेल्वेत कारकून असलेल्या रहामीम आपटेकरांनी, ती घेऊन होडीने पनवेलला आणली. आपटेकर मूळचे आपट्याचे, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, पिढ्यानपिढ्या घाणा चालवणारे. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. तेल्याच्या घरात मडमेची पेटी आली म्हणून गाव बघायला लोटलं, आणि बघायला आलेलं गाव मग गायलाही लागलं. त्या पेटीवर शनिवारचा शब्बाथ सुटल्यावर दाविद राजाची मराठी कीर्तनं झाली, शेजारच्या ब्राह्मणांच्या मंगळागौरी झाल्या, आणि आगरी वाड्यांवरच्या हळदीत तर ती बैलगाडीत बसून जायची.

पेटीबरोबर मडमेचं एक गाण्यांचं पुस्तकही आलं होतं. ते बाईंकडे अजून आहे, पानं पापडासारखी झालेली. त्यात एका गाण्याशेजारी, मडम लहान मुलगी होती तेव्हाच्या कोवळ्या अक्षरात, शिसपेन्सिलीने इंग्रजीत लिहिलंय: ‘आईला एवढं चढत नाही. दोन सूर खालून वाजवणे.’ बाईंचे वडील शिमशोनमास्तर, पनवेलचे पेटी दुरुस्त करणारे, ही ओळ येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. म्हणायचे, "या पोरीला सगळं कळत होतं."

शिमशोनमास्तर त्या पोरीच्याही पुढे गेले. त्यांच्या लक्षात आलं की हळदीला गाणाऱ्या आगरी बायकांचा गळा पेटीच्या पट्ट्यांवर बसतच नाही. तो दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी बसतो, आणि तोही सगळीकडे सारखा नाही; इथे जरा चढा, तिथे जरा उतरा. दुसरा कोणी म्हणाला असता, बायका बेसूर आहेत. मास्तरांनी कानस काढली. चिरनेरची धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाऊन सगळे विधी पार पाडणारी बाई, शांतीबाई, तिला त्यांनी ओट्यावर बसवलं. ती गायची आणि हे एकेक सूर बाहेर काढून घासायचे. टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. पितळ एकदा घासलं की परत येत नाही, म्हणून श्वास रोखून काम. सबंध एक उन्हाळा त्यात गेला. तेव्हापासून ती पेटी जगातल्या कुठल्याही पेटीशी जुळेना, पण पनवेल-उरणच्या बायांच्या गळ्याशी अशी जुळली की धवला सुरू झाला की पेटी कुठे संपते आणि बाई कुठे सुरू होते ते कळायचं नाही.

शांतीबाईंच्या मागे त्यांची लेक कमळाबाई धवलारीण झाली, आणि मास्तरांच्या मागे ज्युडिथ पेटीवर बसली. चाळीस वर्षं ही जोडी लग्नालग्नांतून फिरली. बाईंचा भाऊ बायकापोरांसकट इस्रायलला गेला; दरवर्षी फोन करून विचारतो, "तिथे तुझं आहे तरी कोण?" बाई दरवर्षी फोन आपटतात.

आता बाईंची एक गोष्ट सांगायची, जी त्या स्वतः कधी सांगत नसत. घरी ही पेटी, आणि शाळेत दुसरी. शाळेतली कारखान्यातून आलेली, सरळ सुरांची. बाई संगीत शिक्षिका होत्या. जिल्ह्याच्या समूहगान स्पर्धा असायच्या, परीक्षक पुण्यामुंबईचे. वर्गात आगऱ्यांची पोरं यायची, ती मांडवात ऐकलेल्या उघड्या आवाजात गायची, आणि शाळेच्या पेटीला ती लागायची नाहीत. बाई छडी आपटून एकच वाक्य म्हणायच्या, "पेटी चुकत नाही. गळा चुकतो." ते वाक्य त्यांनी बत्तीस वर्षं म्हटलं. शाळेला ढाल मिळत गेली. घरच्या पेटीबद्दल त्यांनी शाळेत चकार शब्द काढला नाही. तपासणीला येणारे साहेब काय म्हणतील, हा विचार.

त्या वर्गात एक धनेश होता. आवाज असा, की खिडकीच्या काचा हलाव्यात. स्पर्धेच्या दिवशी बाईंनी त्याला मागच्या रांगेत उभं केलं आणि कानात सांगितलं, "तू नुसते ओठ हलव." त्याने हलवले. ढाल मिळाली. सगळ्यांबरोबर धनेशनेही पेढा खाल्ला.

धनेश आता चव्वेचाळीसचा आहे. विमानतळाच्या कामात जमीन गेली, भूखंड मिळाले, त्यावर इमारती आल्या. गळ्यात बोटाएवढी चेन. पण बाई दिसल्या की अजून चप्पल काढून पाया पडतो. गेल्या दिवाळीनंतर तो लेकीच्या, अंकिताच्या, लग्नाचं सांगायला आला. म्हणाला, "टीचर, हळद जुन्या पद्धतीनेच करायची हाय. कमळाआजी गाणार, तुमी वाजवायचं. माझ्या आईच्या हळदीला तुमचे बाबा होते."

बाईंना आनंद झाला. त्यांना आनंद झाला की त्या खेकसतात. "कशावर वाजवू? भाता फाटून दोन वर्षं झाली. आणि हे गुडघे बघ."

"मी नेतो, नीट करून आणतो."

"भाता फाटलाय. तेवढा शिवून आण. बस."

पण तेवढ्यावर थांबला तर तो धनेश कसला? त्याने बंगला बांधायला घेतला तेव्हा नकाशात दोनच मजले होते. आता चार आहेत, आणि वर विमानाच्या आकाराची पाण्याची टाकी.

हळद रविवारी होती. दुपारी चारला बाईंना घ्यायला गाडी आली. मांडवात सगळं झेंडूचं पिवळं, पाटावर अंकिता, भोवती करवल्या, एका बाजूला धनेशच्या पुतण्याने, केतनने, स्पीकरांची रास लावलेली. आणि मधोमध पायपेटी. लाकूड आरशासारखं चमकत होतं. पितळी खिळे घासलेले, पट्ट्या दुधासारख्या पांढऱ्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, त्या धनेशवर खेकसल्या, "एवढं कशाला रे?" तो लहान पोरासारखा हसला.

कमळाबाई आधीच येऊन बसल्या होत्या. ब्याऐंशी वर्षांच्या, हिरवं लुगडं, तोंडात दात मोजके, पण आवाज अजून नारळाच्या झाडावर चढणारा. "ज्युडी बाय, बस. तुझ्याबिगर मना सूर लागत नाय," त्या म्हणाल्या.

बाई बसल्या. पाय पॅडलवर ठेवून दाबलं. पॅडल खटकन खाली गेलं. दुसरंही गेलं. पायाखाली काहीच ओढ नव्हती. भात्याचा तो ओळखीचा जडपणा नाही, श्वास नाही. बाईंना वाटलं, गुडघेच बधिर झाले. त्यांनी एक पट्टी दाबली आणि मांडवाच्या चारी कोपऱ्यांतल्या स्पीकरांतून एक गुळगुळीत आवाज आला, विमानतळावर घोषणेआधी येतो तसला.

"सरप्राईज!" केतन माइकवर म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाईंना काही उमजायच्या आत कमळाबाईंनी धवला उचलला. पहिलं बोलावणं गणपतीला, मग एकवीरेला, मग गावदेवीला. बाईंची बोटं सवयीने पट्ट्यांवर गेली, पाय सवयीने खाली-वर होऊ लागले. कमळाबाईंचा सूर आला, आणि पेटीचा त्याच्या शेजारी आला. शेजारी, त्याच्यावर नाही. बाईंनी वरची पट्टी धरली, खालची धरली. गळा मधल्या फटीत. दोन आवाज एकमेकांना टोचू लागले, दातांत वाळू यावी तसं ऐकणाऱ्यांना होऊ लागलं. करवल्या तोंडावर पदर धरून हसल्या. कोणीतरी म्हणालं, आजीचं वय झालं. केतनने एक बटण फिरवलं, सगळ्या पेटीचा सूर जरासा वर नेला. एक सूर जुळला आणि बाकीचे आणखी बिघडले.

"आजी," केतन माइकवर गोड आवाजात म्हणाला, "जरा पट्टी सांभाळा. सूर सुटतोय."

कमळाबाई गप्प झाल्या.

आगऱ्यांच्या मांडवात धवला मधे तोडत नाहीत. बोलावलेला देव वाटेत उभा राहतो म्हणतात. वादळी पावसाने मांडव उडाला, एकदा नवरदेवाच्या आजोबांना चक्कर आली, तरी कमळाबाईंनी साठ वर्षांत धवला तोडला नव्हता. आता त्या मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या. मग बाईंकडे वळून हळूच म्हणाल्या, "माजाच गला गेला बाय. मना कलला नाय. आता मी बसते, तुमी मशिनवर लावा काय ता."

हे बाईंना सहन झालं नाही. स्वतःचा अपमान त्यांनी गिळला असता, पेटीचाही कदाचित गिळला असता. पण जिच्या आईच्या गळ्यासाठी बापाने एक उन्हाळा पितळ घासलं, तिने भर मांडवात स्वतःला बेसूर म्हणवून घ्यावं? त्या उठल्या. गुडघ्यांनी हाक मारली, तिकडे लक्ष दिलं नाही. आधी त्यांनी केतनच्या हातातला माइक घेतला आणि स्पीकरच्या मागची वायर उपटली. मांडव एकदम शांत झाला.

"धनेश, इकडे ये. उघड ही."

"टीचर, पाहुणे—"

"उघड."

धनेशने मागची फळी काढली. आत भाता नव्हता. सुरांच्या रांगा नव्हत्या. जिथे शिमशोनमास्तरांची पितळेची ओळ होती तिथे काळ्या प्लास्टिकची एक पट्टी होती आणि तिला लाल-हिरव्या वायरी. पॅडल नुसती स्प्रिंगवर बसवली होती, शोभेला.

"सूर कुठे आहेत?"

"टीचर, तुमचे गुडघे दुखतात ना... आता पाय मारायलाच नको. यात पाचशे आवाज हायत. मुंबईचा जाम मोठा माणूस हाय, त्याने—"

"सूर कुठे आहेत, धनेश?"

धनेशने मान खाली घातली. "त्याने सांगितलं, सगळे सूर खराब झालेत. एकही जागेवर नाय. कुणीतरी घासून वाट लावलीय म्हणाला. पितळ होतं ते... भंगारात गेलं. महिना झाला."

घासून वाट लावली! एक उन्हाळाभर श्वास रोखून केलेल्या कामाला कोण्या शहाण्याने हे नाव दिलं, आणि ते वितळून एव्हाना कुठल्या नळाची तोटी झालं असेल. मग त्या सुटल्या. सबंध मांडवासमोर त्यांनी धनेशची सालटी काढली. अक्कल गहाण टाकलीस का म्हणाल्या. भाता शिव म्हटलं तर आतडी काढून आणलीस म्हणाल्या. पैसा आला की माणसाला जुनं ते सगळं मोडकंच दिसतं म्हणाल्या. "मला एकदा विचारायचंस तरी! कुठल्या परक्या माणसाने सांगितलं, सूर चुकलाय, आणि तू मान डोलावलीस? ज्या पेटीवर तुझ्या आईची हळद झाली ती चुकीची, हे तुला पटलं तरी कसं?"

धनेश पन्नास पाहुण्यांसमोर, जावयाच्या माणसांसमोर, गळ्यातली चेन धरून उभा होता. तो रागावला नाही. त्याला खरंच कळत नव्हतं. तो म्हणाला, "टीचर, पण तुमीच शिकवलंत ना? पेटी चुकत नाय, गला चुकतो. मला वाटलं, तुमच्या घरातली पेटी चुकीची राहिली तर तुमाला किती त्रास होत असेल. म्हणून बरोबर करून आणली."

बाईंच्या हातात अजून वायर होती. ती त्यांनी खाली टाकली. राग तर तसाच होता, पण आता तो धनेशकडे जाईना. इतका वेळ समोर धावणारं कुत्रं मागे वळून धन्याच्याच अंगावर यावं तसं झालं. बत्तीस वर्षं. किती पोरं? मागच्या रांगेत ओठ हलवत उभी राहिलेली किती?

त्या खाली बसल्या, रिकाम्या पेटीपुढे.

"तुझा गळा चुकत नव्हता," त्या म्हणाल्या. माइक नव्हता, पण वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा तो आवाज गेला. "शाळेतली पेटी चुकीची होती. तुमच्यापुरती चुकीची. आणि मला ते माहीत होतं. घरी माझ्या बापाने तुमच्या बायांच्या गळ्याला पेटी लावली, आणि शाळेत मी तुमचे गळे पेटीला लावत बसले. ढालीसाठी. मला माहीत होतं, धनेश."

पाटावरची अंकिता हळदीच्या हातांनी तशीच बसून होती.

कमळाबाईंनी नाकावर पदर फिरवला. "झाला तुमचा? देव वाटंत उभं हान," त्या म्हणाल्या. मोडलेला धवला त्यांनी पहिल्यापासून उचलला, पुन्हा गणपतीपासून.

आता सोबतीला काहीच नव्हतं. म्हातारा आवाज एकटाच मांडवभर फिरत होता. बाईंचे पाय पुन्हा सवयीने खाली-वर होऊ लागले. पॅडल खटखट करत होती आणि आत काही नव्हतं. धवल्याची ओळ झाली की मागून कोणीतरी ती झेलायची असते. चाळीस वर्षं ती पेटीने झेलली होती. ओळ संपली आणि मागे जागा रिकामी राहिली. दुसरी संपली, तीही तशीच गेली.

बाईंनी वर पाहिलं. धनेश समोर उभा होता, डोळे मिटून. त्याला धवला सगळा पाठ होता, शब्द न् शब्द. आणि तो ओठ हलवत होता. नुसते ओठ, आवाज नव्हता.

"धनेश," बाई ओरडल्या, "आवाज काढ!"

त्याने डोळे उघडले. "नाय जमत, टीचर. पाचवीपास्नं नाय गायलो."

"छडी आणू का?"

मांडवात कोणीतरी हसलं. धनेशने घसा खाकरला. कमळाबाईंची ओळ संपत आली होती. त्याने तोंड उघडलं, आधी नुसती हवा आली, गंजलेल्या भात्यातून येते तशी. मग एक फुटका, चिरका, जाडा आवाज आला, आणि तो जाऊन म्हातारीच्या सुराला मिळाला, नेमका तिथे, त्या दोन पट्ट्यांच्या मधे, जिथे बाईंच्या बापाची कानस पोचली होती.

बाई रडत होत्या आणि संतापल्याही होत्या.

"मोठ्याने," त्या म्हणाल्या. "मागच्या रांगेत ऐकू येत नाही."